बांधीचा धुरा आणि कर्नलची भाषा

भंडारा जिल्ह्यात आषाढाच्या सरी कोसळू लागल्या, की धानाच्या रोवणीला वेग येतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जातो. येथील धानाचे शेत म्हणजे एक सलग पट्टा नव्हे. ते लहानमोठ्या बांध्यांमध्ये विभागलेले असते आणि प्रत्येक बांधीभोवती मातीचा धुरा घातलेला असतो. वरच्या बांधीत पाणी किती राखायचे आणि खालच्या बांधीत ते केव्हा सोडायचे, याचे सारे गणित या धुऱ्यावर अवलंबून असते. धुऱ्याला खेकड्याने बीळ पाडले आणि ते वेळीच ध्यानात आले नाही, तर रात्रीतून पाणी शेजारच्या बांधीत शिरते. बीळ एका बांधीचे, पण नुकसान दोन्ही बांध्यांचे!

संगणकाच्या अंतरंगातही नेमकी अशीच रचना असते. संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक दिलेल्या असंख्य घरांची एक लांबलचक रांग. त्यातील काही घरे एका कामासाठी, काही दुसऱ्या कामासाठी वाटून दिलेली असतात. मात्र एका वाट्याची हद्द कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे त्या घरांना स्वतःला ठाऊक नसते. तेथे धुरा घालावा लागतो. हा धुरा कोणी घालायचा आणि कोणी राखायचा? प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाने, की ज्या भाषेत तो प्रोग्राम लिहिला जातो त्या भाषेने? ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेल्या 'कर्नल'साठी प्रोग्रामिंगची कोणती भाषा निवडावी, हा तज्ज्ञांमधील जुना वाद मुळात या एका प्रश्नाभोवती फिरतो. तब्बल पन्नास वर्षे त्याचे एकच उत्तर प्रचलित होते. आता ते बदलू लागले आहे. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड मोबाइलपासून न्हावाशेवाच्या बंदरापर्यंत सर्वांचाच या बदलाशी संबंध असल्याने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

कर्नल म्हणजे काय?

संगणकावर आपण पत्र लिहितो, मोबाइलवर बँकेचा व्यवहार करतो, तेव्हा समोर दिसणारा प्रोग्राम यंत्राच्या कोणत्याही भागाला थेट हात लावत नसतो. मेमरी हवी असेल, फाईल उघडायची असेल, इंटरनेटवरून संदेश पाठवायचा असेल, तर त्याला एका मध्यस्थाकडे अर्ज करावा लागतो. हा मध्यस्थ म्हणजे कर्नल. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यायचा, मेमरीचा कोणता तुकडा कोणाच्या नावे करायचा, एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले तर त्याला कसे रोखायचे, ही सारी कामे कर्नलची. अँड्रॉइड मोबाइलमध्ये हे काम लिनक्स नावाचे कर्नल करते, तर विंडोज आणि ॲपल यांची कर्नल त्यांच्या त्यांच्या कंपन्यांनी घडविलेली आहेत.

साध्या प्रोग्राममध्ये चूक झाली, तर कर्नल त्याला बंद करते. बाकीचे काम चालू राहते. परंतु चूक खुद्द कर्नलमध्येच झाली, तर? त्याच्यावर देखरेख ठेवणारा तेथे बहुधा कोणीच नसतो. यंत्रावरील सर्वोच्च अधिकार कर्नलच्याच हाती असतात. त्यामुळे त्यातील एखादी हद्द फुटली, तर संपूर्ण यंत्र बंद पडते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, त्याचा ताबा परक्याच्या हाती जातो. भंडारा जिल्ह्याच्याच भाषेत सांगायचे, तर बांधीचा धुरा फुटणे वेगळे आणि गावच्या मालगुजारी तलावाची पाळ फुटणे वेगळे. कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या या तलावांच्या पाळीकडे गावाचे विशेष लक्ष असे, कारण तिच्याखाली एखादे शेत नव्हे, तर साऱ्या शिवाराचे पीक असे. कर्नलचेही तसेच आहे.

भाषेकडून अपेक्षा

मग अशा कामासाठी भाषा निवडताना काय पाहायचे? पहिली अट अशी, की ती भाषा कोणाच्या आधारावाचून चालली पाहिजे. आजच्या अनेक लोकप्रिय भाषांमधील प्रोग्राम चालण्यासाठी खाली ऑपरेटिंग सिस्टीम हजर असावी लागते. कर्नल हीच ऑपरेटिंग सिस्टीम असल्याने त्याच्या पायाखाली फक्त यंत्र असते. घराचा पाया घालणाऱ्याला गच्चीवर उभे राहून काम करता येत नाही, तशीच ही गोष्ट.

दुसरी अट म्हणजे मेमरीतील ठरावीक क्रमांकाच्या घराशी थेट व्यवहार करता आला पाहिजे, कारण कळफलक, पडदा, नेटवर्क कार्ड अशी उपकरणे कर्नलशी अशाच नेमून दिलेल्या घरांमार्फत बोलतात. तिसरी अट वेळेची. एखाद्या उपकरणाने हाक दिली, की कर्नलने विलंब न लावता उत्तर दिले पाहिजे. मध्येच भाषेची स्वतःची काही आवराआवर सुरू होऊन काम थांबता कामा नये. चौथी अट व्यावहारिक आहे. ती भाषा नाना प्रकारच्या प्रोसेसरांवर उपलब्ध असावी आणि ती जाणणारी माणसे पुरेशी असावीत. या चारही अटी सांभाळून मेमरीतील हद्दींचे रक्षणही भाषेनेच करावे, ही पाचवी अपेक्षा. गंमत अशी, की पहिल्या चार अटी पूर्ण करण्याच्या नादात ही पाचवी दीर्घकाळ बाजूला पडली.

सी भाषेचे राज्य

प्रारंभीच्या काळात ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा असेंब्लीमध्ये, म्हणजे त्या त्या प्रोसेसरच्या सांकेतिक आज्ञांमध्ये लिहिल्या जात. यंत्र बदलले, की सारे लेखन वाया जाई. अमेरिकेतील बरोज कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपल्या बी-५००० या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम अल्गोल भाषेच्या एका भावंडात लिहून वेगळी वाट दाखविली होती. विशेष म्हणजे, मेमरीच्या प्रत्येक तुकड्याची लांबी तपासण्याची सोय त्या यंत्रातच होती. म्हणजे धुरा यंत्रच राखत असे. परंतु ही वाट राजमार्ग झाली नाही.

राजमार्ग ठरला तो बेल लॅबोरेटरीजमधून निघालेला. केन थॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये युनिक्सची पहिली आवृत्ती असेंब्लीमध्ये लिहिली. पुढे त्यांना मिळालेल्या पीडीपी-११ या संगणकाची मेमरी अवघी २४ किलोबाइट होती. आजच्या मोबाइलमधील एक छायाचित्रही तेवढ्या जागेत मावणार नाही! अशा यंत्रासाठी त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी ही भाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्सचे कर्नल त्या भाषेत नव्याने लिहिले गेले. या बदलाची किंमतही मोजावी लागली. नवी प्रणाली जुनीपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठी झाल्याचे थॉम्प्सन आणि रिची यांनीच नमूद करून ठेवले आहे. परंतु ती वाचायला आणि सुधारायला सोपी होती, शिवाय दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगी होती. थोडी गती आणि थोडी जागा देऊन त्यांनी माणसाची समज विकत घेतली. हा सौदा ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पन्नास वर्षांनी पुन्हा तसाच सौदा समोर आला आहे.

सी भाषेने पहिल्या चारही अटी चोख पाळल्या. पाचव्या अटीबाबत मात्र तिने सारा विश्वास माणसावर टाकला. दहा घरांच्या वाट्यात अकरावे घर मागितले, तरी सी हरकत घेत नाही. ते घर दुसऱ्या कोणाचे असले, तरी त्यात बेलाशक लिहिते. परत केलेली जागा पुन्हा वापरली, तरीही ती गप्प राहते. छोट्या यंत्राच्या आणि मोजक्या निष्णात माणसांच्या त्या काळात हे खपून गेले. धोक्याची जाणीव तेव्हाही अनेकांना होती. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात १९६० च्या दशकातील एक अनुभव सांगितला होता. त्यांच्या अल्गोल कंपायलरमधील हद्दतपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे ग्राहकांना विचारले असता त्यांनी एकमुखाने नकार दिला होता. व्यवहारात चुका किती होतात, हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

पुढे १९९१ मध्ये हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स यांनी लिनक्स लिहायला घेतले, तेही सी भाषेतच. विंडोजचे कर्नल मुख्यत्वे सीमध्ये, तर ॲपलचे सी आणि सी प्लस प्लसमध्ये घडले. लिनक्सचा पसारा तर आता सुमारे चार कोटी ओळींपर्यंत गेला आहे.

या पसाऱ्यातील चुका शोधणे हीच एक विद्या होऊन बसली आणि तिच्यात मराठी माणसाचाही वाटा आहे. साध्या प्रोग्राममधील दोष शोधायचा, तर त्याला मध्येच थांबवून त्याची तपासणी करता येते. पण कर्नलच थांबवले, तर तपासणी करणारा प्रोग्रामही थांबतो! यावर उपाय म्हणून दोन संगणक जोडतात. एकावर संशयित कर्नल आणि दुसऱ्यावर तपासणी अधिकारी. लिनक्ससाठी ही सोय करणारे 'केजीडीबी' हे साधन घडविण्यात अमित काळे आणि पुण्याची लिनसिससॉफ्ट ही छोटी कंपनी यांचा महत्त्वाचा सहभाग होता. अनेकांच्या हातून तावूनसुलाखून निघाल्यानंतर ते २००८ मध्ये मुख्य लिनक्समध्ये दाखल झाले आणि त्याच्या मूळ फाईलीच्या आरंभी ही नावे आजही वाचायला मिळतात.

न्हावाशेवाचा धडा

माणसावर टाकलेला विश्वास फसला, म्हणजे काय होते, याचे प्रत्यंतर महाराष्ट्राने २०१७ मध्ये घेतले. त्या वर्षी २७ जून रोजी 'नॉटपेट्या' या नावाने कुप्रसिद्ध झालेला घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्याच्या तडाख्यात सापडले आणि याच समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या, न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका कंटेनर टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. संगणक बंद पडल्याने कंटेनरांच्या नोंदी हाताने करण्याची वेळ आली. युद्ध तिकडे दूर, पण ट्रकांच्या रांगा इकडे रायगड जिल्ह्यात!

हा प्रोग्राम एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरण्यासाठी ज्या वाटा वापरीत होता, त्यांपैकी एक वाट विंडोजच्या कर्नलमधून जात होती. संगणकांना परस्परांच्या फाईली वाचता याव्यात म्हणून कर्नलच्या अधिकाराने चालणारा एक भाग विंडोजमध्ये असतो. बाहेरून आलेल्या माहितीची लांबी मोजताना या भागात एक चूक होत होती. बत्तीस बिटांत नोंदवायचा आकडा सुधारताना त्यातील फक्त सोळा बिट बदलले जात. परिणामी, लहान माहितीची लांबी भलतीच मोठी नोंदली जाई आणि राखून ठेवलेल्या जागेबाहेर लेखन होई. म्हणजे बांधीची मोजणीच चुकली आणि पाणी धुऱ्यावरून वाहिले. त्या वाहत्या पाण्यातून हल्लेखोर आपल्या आज्ञा कर्नलमध्ये सोडू शकत होता. मायक्रोसॉफ्टने या दोषावरील दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये प्रसृत केली होती. मेमध्ये 'वॉनाक्राय' या प्रोग्रामने हीच वाट वापरून जगभर धुमाकूळही घातला होता. तरीही जूनमध्ये कित्येक यंत्रे दुरुस्तीवाचून राहिलेली होती. दोष एकट्या भाषेचा नव्हता, हे खरे. परंतु मूळ बीळ ज्या प्रकारचे होते, त्या प्रकाराला भाषा आळा घालू शकते, हेही तितकेच खरे.

अशी बिळे अपवादात्मक असती, तर प्रश्न नव्हता. परंतु आपल्या उत्पादनांमध्ये दरवर्षी आढळणाऱ्या सुरक्षाविषयक दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गैरवापराशी निगडित असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये हे प्रमाण ७६ टक्के होते. हे प्रोग्राम लिहिणारी माणसे जगातील उत्तमांपैकी होती. तेव्हा अधिक काळजी घ्या, एवढे सांगून भागणार नाही, हे उघड झाले.

पर्यायांची चाचपणी

पहिला पर्याय सी प्लस प्लसचा. सीची ताकद आणि वर अधिक सोयी, असे तिचे स्वरूप. ॲपलने उपकरणे हाताळणाऱ्या भागासाठी तिचा वापर केला, मात्र तिच्या अनेक सोयी वर्ज्य करूनच. लिनक्समध्ये १९९२ च्या सुमारास तिचा प्रयोग झाला आणि लगेच सोडूनही देण्यात आला. तिच्यात काय घडते आहे ते झाकले जाते, असा टोर्वाल्ड्स यांचा आक्षेप होता. शिवाय धुरा राखण्याची सक्ती तीही करीत नाही.

दुसरा पर्याय आपली आवराआवर आपणच करणाऱ्या भाषांचा. जावा, गो यांसारख्या भाषांमध्ये नको असलेली मेमरी गोळा करणारा एक झाडूवाला प्रोग्रामसोबत सतत वावरत असतो. त्यामुळे परत केलेली जागा चुकून वापरण्याचा प्रश्न मिटतो. मात्र हा झाडूवाला केव्हा काम काढील, याचा नेम नसतो. कर्नलला हे कितपत परवडेल, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये गो भाषेत 'बिस्किट' नावाचे संपूर्ण कर्नलच लिहून पाहिले. सारख्याच कामासाठी लिहिलेल्या सीच्या तुलनेत गो ५ ते १५ टक्के मंद ठरली आणि भाषेच्या सोयींपोटी प्रोसेसरचा १३ टक्क्यांपर्यंत वेळ खर्ची पडला. अनेकांच्या अंदाजापेक्षा ही किंमत कमीच होती. पण जगभरातील सर्व्हर आणि मोबाइल ज्यावर चालतात, त्या कर्नलसाठी ती जड वाटावी अशीच होती.

तिसरा पर्याय सी न सोडता तिच्या निर्दोषपणाची गणिती सिद्धता देण्याचा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ मध्ये 'एसईएल-४' या छोट्या कर्नलबाबत हे करून दाखविले. त्यातील सी भाषेच्या ओळी सुमारे ८,७००, तर सिद्धतेच्या ओळी सुमारे दोन लाख! एका माणसाने वीस वर्षे करावे, एवढे काम सिद्धतेसाठी लागले. संगणकशास्त्रातील हा विक्रमच होय. परंतु चार कोटी ओळींना हा उपाय लागू करण्याची कल्पनाही करवत नाही.

रस्टचा शिरस्ता

या पार्श्वभूमीवर रस्ट या भाषेकडे लक्ष वेधले गेले. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये हाती घेतलेल्या या भाषेला पुढे मोझिला या संस्थेने आश्रय दिला आणि तिची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. तिच्यात झाडूवाला नाही. ती सीइतकीच यंत्राच्या जवळ राहते. तरीही धुऱ्याची जबाबदारी ती माणसावर सोडत नाही.

हे साधते कसे? रस्टमध्ये मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एका वेळी एकच मालक असतो. मालकाची मुदत संपली, की तुकडा आपोआप परत जातो. मालक तो तुकडा इतरांना उसना देऊ शकतो, पण एका अटीवर. केवळ पाहायला हवा असेल, तर तो अनेकांना देता येतो. बदल करायचा असेल, तर एका वेळी एकालाच आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणीही तिकडे पाहायचे नाही. तलावाच्या पाण्याची पाळी असते, तसाच हा शिरस्ता. ज्याची पाळी, त्यानेच पाणी वळवायचे. हा नियम पाळला जातो की नाही, हे प्रोग्राम चालण्यापूर्वीच कंपायलर तपासतो आणि मोडलेला आढळल्यास प्रोग्राम तयारच करून देत नाही. तपासणीचा हा भाग आधीच उरकल्यामुळे चालू प्रोग्रामवर त्याचा बोजा पडत नाही. दहा घरांच्या वाट्यात अकरावे घर मागणे यांसारख्या, आधी ओळखता न येणाऱ्या चुका मात्र प्रोग्राम चालू असताना तपासल्या जातात आणि तेथे काम जागीच थांबविले जाते.

कर्नलमध्ये काही ठिकाणी हा नियम पाळणे अशक्यच असते. उपकरणाच्या ठरावीक घरात लिहायचे, तर तेथे मालकी कोणाची म्हणायची? अशा जागी रस्ट 'अनसेफ', म्हणजे असुरक्षित अशी पाटी लावून सूट घेऊ देते. पाटी लावल्याने धोका टळत नाही, पण तो कोठे आहे हे समजते. सारा धुरा रात्रभर कंदील घेऊन तपासण्याऐवजी पाटी लावलेल्या चार जागा तपासणे केव्हाही सोपे.

डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत सी आणि असेंब्लीच्या जोडीने रस्टला प्रायोगिक तत्त्वावर प्रवेश मिळाला. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ पासून विंडोजच्या कर्नलचे काही भाग रस्टमध्ये आणले. आणि डिसेंबर २०२५ मध्ये टोकिओ येथे भरलेल्या लिनक्सच्या प्रमुख देखभालकर्त्यांच्या बैठकीत हा प्रयोग संपल्याचे, म्हणजेच रस्ट आता लिनक्सचा कायमचा भाग झाल्याचे मान्य करण्यात आले.

नव्या धुऱ्याच्या मर्यादा

तथापि रस्ट म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. जुलै २०२४ मधील घटना या दृष्टीने उद्बोधक आहे. १९ जुलै रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या सदोष फाईलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. मुंबईसह देशातील अनेक विमानतळांवर प्रवासी खोळंबले आणि काही ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. कर्नलमध्ये चालणाऱ्या त्या प्रोग्रामला वीस मूल्ये पुरविलेली असताना तो एकविसावे वाचायला गेला, हे त्याचे कारण. ही हद्द ओलांडण्याचीच चूक! परंतु तो भाग रस्टमध्ये असता आणि त्याच निष्काळजीपणे लिहिलेला असता, तर रस्टने ती चूक पकडून तेथल्या तेथे काम थांबविले असते. कर्नलच्या आत काम थांबणे म्हणजे बहुतेक वेळा यंत्रच थांबणे. तेव्हा पुरेशी चाचणी न घेता एकाच क्षणी साऱ्या जगाला बदल पाठविण्याच्या घाईवर भाषेकडे औषध नाही. फरक एवढाच, की हद्द ओलांडून परक्याच्या हाती ताबा जाणे आणि यंत्र बंद पडणे या दोहोंत दुसरे संकट तुलनेने बरे.

डिसेंबर २०२५ मध्येच लिनक्समधील रस्टच्या मजकुरात पहिला अधिकृत सुरक्षा-दोष नोंदला गेला. अँड्रॉइडमधील प्रोग्रामांना परस्परांशी बोलू देणाऱ्या 'बाइंडर' या भागात तो सापडला आणि तो 'अनसेफ' पाटीच्या आधाराने लिहिलेल्या मजकुराशीच निगडित होता. टीकाकारांना त्यात रस्टचा पराभव दिसला. पाटी योग्य जागी होती, असे समर्थकांचे म्हणणे पडले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

याहून कठीण अडचण माणसांची. तीस वर्षे सीमध्ये काम केलेल्या देखभालकर्त्यांना दुसरी भाषा शिकण्याचा आग्रह जाचक वाटतो. दोन भाषांच्या सीमेवरचे काम कोणी सांभाळायचे, यावरून बरीच वादावादी झाली. लिनक्समध्ये रस्ट आणण्यात पुढाकार घेणारे वेडसन अल्मेडा फिल्हो २०२४ मध्ये अशाच वादांना कंटाळून या कामापासून दूर झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोर्वाल्ड्स यांनी मधला मार्ग सांगितला. रस्ट नको असलेल्यावर ती लादली जाणार नाही, मात्र दुसऱ्याने आपल्या जागी ती वापरू नये, असे म्हणण्याचा अधिकारही त्याला नाही. गावच्या पाण्याच्या तंट्यात जाणत्या माणसाने द्यावा, तसाच हा निवाडा. याखेरीज काही जुन्या प्रोसेसरांसाठी रस्टचा कंपायलर अद्याप उपलब्ध नाही, हीही अडचण आहेच.

मग निवड कशी करावी?

चार कोटी ओळी नव्याने लिहिणे कोणालाही शक्य नाही आणि सुदैवाने तशी गरजही नसावी. अँड्रॉइडचा अनुभव येथे बोलका आहे. गूगलने जुना मजकूर सरसकट बदलला नाही. नवा मजकूर मात्र अधिकाधिक प्रमाणात रस्टसारख्या सुरक्षित भाषांमध्ये लिहायला सुरुवात केली. तेवढ्याने मेमरीविषयक दोषांचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. याचे कारण असे, की दोष नव्या मजकुरात अधिक असतात. वर्षानुवर्षे वापरात राहिलेल्या मजकुरातील बिळे हळूहळू सापडत आणि बुजत जातात. जुना धुरा पायाखाली तुडवला जाऊन घट्ट होतो. खेकडा शिरतो तो ओल्या, ताज्या मातीत.

यातून निघणारे उत्तर सरळ आहे. जेथे सीमधील कर्नल चालू आहे, तेथे ते चालू द्यावे, त्याची निगराणी वाढवावी. परंतु नवा भाग, विशेषतः बाहेरून येणारी माहिती जेथे प्रथम पोहोचते तो भाग, धुरा स्वतः राखणाऱ्या भाषेत लिहावा. संपूर्णपणे नवे कर्नल उभारायचे असेल, तर सीपासून आरंभ करण्याचे समर्थन आता जड जाते. १९७३ मध्ये एक-तृतीयांश जागेची किंमत मोजून असेंब्ली सोडली गेली. आज शिकण्याच्या श्रमांची किंमत मोजून सीचा हट्ट सोडायचा आहे. दोन्ही वेळी विकत घेतली जाणारी वस्तू एकच, ती म्हणजे माणसाच्या मर्यादांची कबुली.

भारतासाठी हा प्रश्न केवळ अभ्यासाचा नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस', संरक्षण मंत्रालयासाठी २०२३ मध्ये पुढे आलेली 'माया' आणि त्याच वर्षी चर्चेत आलेली 'भारओएस' या स्वदेशी म्हणविल्या जाणाऱ्या प्रणालींच्या तळाशी लिनक्सचेच कर्नल आहे. म्हणजे जगाच्या त्या सामाईक पाळीवरच आपलाही भार आहे. तिची डागडुजी करू शकणारी माणसे आपल्याकडे असणे, ही स्वदेशीची खरी कसोटी होय. त्यासाठी मोठ्या शहरात जन्म घ्यावा लागत नाही. लिनक्सचा सारा मजकूर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. एमआयटीने विद्यार्थ्यांसाठी सी भाषेत लिहिलेले 'एक्सव्ही-६' हे अवघ्या काही हजार ओळींचे कर्नलही खुले आहे. आयआयटी मुंबईतही ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासासाठी ते वापरले जाते. नागपूर विद्यापीठाशी संलग्न असलेल्या भंडारा जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ते साध्या संगणकावर चालवून, मोडून, पुन्हा जोडून पाहता येईल. त्याने आधी सी शिकावी, म्हणजे हद्द फुटते ती कशी, हे कळेल. मग रस्ट शिकावी, म्हणजे ती राखता येते कशी, हे उमगेल.

पाऊस धो धो कोसळत असताना भंडाऱ्याचा शेतकरी आजही खांद्यावर फावडे टाकून धुऱ्यावरून एक फेरी मारून येतो. धुरा कितीही पक्का असला, तरी ती फेरी त्याला चुकत नाही. पण धुराच नसेल, तर कितीही फेऱ्या मारून पाणी राहत नाही, हेही त्याला ठाऊक असते. कर्नलची भाषा निवडणाऱ्यांना याहून वेगळे काही शिकायचे नाही.